अठ्ठावीस नंबरचं पाकीट

"विल्या, मला नीट सांग. उद्या आत कोण कोण असणार?"

अक्कानं माझं मनगट धरलं होतं. आम्ही हृदयरोग विभागाच्या वॉर्डाबाहेर, जिन्याच्या कठड्याशी उभे होतो. दुपारचे चार वाजले असतील. आत दाजी शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला यंत्रमागाचा धोटा का अडकतो ते समजावून सांगत होते आणि ते आम्हाला बाहेर शब्दन् शब्द ऐकू येत होतं. इचलकरंजीत पंचवीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. हळू बोलणं त्यांना येतच नव्हतं.

"मॅडम असणार, एक सिस्टर, आणि मी."

"तू आत?"

"काचेच्या पलीकडं. मशीन मी चालवतो. मॅडमना पडद्यावर जे दिसतं, ते मला पण दिसतं."

"मग झालं," ती म्हणाली. मनगट सोडलं, पदरानं तोंड पुसलं. "तू हायस म्हटल्यावर मला कशाचं भ्या न्हाई."

हे २००६ सालचं. कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, मी तेव्हा सात वर्षं टेक्निशियन होतो. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, त्यामुळं मला आई आठवते ती अक्काच्याच तोंडाची. तिचं लग्न झालं तेव्हा मी तिच्याबरोबर तिच्या सासरी गेलो. लोक काय म्हणतील याची दाजींनी फिकीर केली नाही. दहावी झाल्यावर मालकानं विचारलं, मेहुण्याला मागावर घेऊ का, तेव्हा दाजी म्हणाले होते, "ह्याला न्हाई घालायचा. ह्याचं कान शाबूत ठेवायचं हायत." मी शिकलो तो त्या एका वाक्यामुळं.

दाजींचं नाव महादेव बुगड. कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस. वय अठ्ठेचाळीस. दोन महिने जिना चढताना छातीत धरायचं. ते पित्त म्हणत राहिले आणि अक्का ओव्याचं पाणी देत राहिली. शेवटी मीच ओढून आणलं. अँजिओग्राफी केली. हृदयाच्या पुढच्या बाजूला जी मोठी रक्तवाहिनी उतरते तिला जिथं फाटा फुटतो, नेमका तिथंच अडथळा निघाला.

डॉक्टर शरयू मुळगुंद, आमच्या मॅडम, स्वतः वॉर्डात आल्या. कॉटवर बसल्या आणि केसपेपरच्या पाठीवर फाटा काढून दाखवला.

"म्हंजे बेचकं," दाजी म्हणाले.

"बरोबर. बेचक्यातच अडकलंय. आता हे उघडायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे मोठ्या वाहिनीत एकच स्टेंट बसवायचा, म्हणजे धातूची बारीक जाळी. फाट्याच्या तोंडाला शक्यतो हात लावायचा नाही. दुसरी म्हणजे दोन स्टेंट, दोन्ही वाटांत एकेक, आणि बेचक्यात ते एकमेकांवर दाबून बसवायचे."

"त्यातलं कंचं बरं?"

"ते आम्हाला माहीत नाही."

दाजी मोठ्यांदा हसले. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. "म्हाईत न्हाई म्हणणारा डाक्टर मी आज पयल्यांदा बघतोय."

मॅडमही हसल्या. मग त्यांनी समजावलं. हेच माहीत करून घेण्यासाठी पाच हॉस्पिटलं मिळून अभ्यास करताहेत. प्रत्येक पेशंटसाठी नंबर घातलेलं बंद पाकीट आहे. पेशंट टेबलावर आला की त्याच्या वेळचं पाकीट उघडायचं आणि आत लिहिलं असेल ती पद्धत करायची. डॉक्टरनं निवडायचं नाही, पेशंटनंही नाही. भाग घ्यायचा नसेल तर तसं सांगावं, मग मॅडम नेहमीसारखं त्यांच्या अंदाजानं करतील.

"घ्या की," दाजी म्हणाले. "एक माग दोन तऱ्हेनं दुरुस्त हुतो, आनि कंची तऱ्हा टिकली ते सा महिन्यानं कळतंय. कुणीतरी मोजाय पायजेच." आणि त्यांनी सही केली.

वॉर्डाबाहेर मॅडमनी मला थांबवलं. "विलास, उद्या तू सुट्टी घे. सांगलीहून एक दिवस दुसरा टेक्निशियन मागवते."

"नको, मॅडम."

"घरचं माणूस आहे."

"म्हणूनच नको."

त्यांनी मान डोलावली. मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला मनातून काय वाटतं? एक का दोन?"

"मला काहीतरी वाटतं म्हणून तर पाकिटं ठेवलीत," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मला मात्र नुसतं वाटत नव्हतं, दोनच बरे याची खात्री होती. दोन आठवड्यांपूर्वी गडहिंग्लजचे एक पोस्टमन आले होते. त्यांच्या पाकिटात एक स्टेंट निघाला. मोठ्या वाहिनीत तो फुगवला आणि माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर फाट्याचं तोंड मिटलं. बघता बघता ती वाट दिसेनाशी झाली. "छातीवर कुणीतरी बसलंय," असं ते पोस्टमन ओरडत होते. मॅडम तासभर झगडल्या तेव्हा ती वाट परत उघडली. पोस्टमन वाचले, चालत घरी गेले. पण माझ्या डोक्यात तो तास रुतून बसला. एकच स्टेंट बसवून बिनतक्रार घरी गेलेल्या दहा-बारा जणांपैकी मला एकाचाही चेहरा आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी लॅब उघडली. यादीत दोन नावं होती. आधी महादेव बुगड आणि नंतर निपाणीच्या गौराबाई मगदूम. या बाई तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या, त्यांचाही अडथळा फाट्यावरच. पाकिटांचा खोका माझ्या कपाटात असे, किल्ली माझ्याकडे. सव्वीस पाकिटं संपली होती. सत्तावीस दाजींचं, अठ्ठावीस गौराबाईंचं.

खोलीत मी एकटाच होतो. सिस्टर फिलोमिना कपडे बदलायला गेल्या होत्या. एक्स-रे बघायची पांढरी दिव्याची पेटी भिंतीवर होती. मी ती लावली. पाकिटाचा कागद जाड होता, पण तो उजेड फार प्रखर असतो. सत्तावीस नंबरचं पाकीट काचेवर दाबून धरलं आणि आतला आकडा पुसट दिसला. एक.

अठ्ठावीस धरलं. दोन.

दोन्ही पाकिटं मी परत खोक्यात ठेवली. फोडली नाहीत, बदलली नाहीत. दिवा बंद केला. 

फिलोमिना आल्या तेव्हा मी म्हणालो, "सिस्टर, निपाणीच्या मावशींना आधी घेऊ. बुगडांचा किडनीचा रिपोर्ट अजून आला नाही."

"काल रक्त तपासायला गेलं होतं ना?"

"आला नाही अजून."

रिपोर्ट माझ्या खिशात होता.

गौराबाई टेबलावर आल्या. बारकी बाई, हातांवर हिरवं गोंदण. मी त्यांच्या छातीला वायरी लावत होतो. त्या म्हणाल्या, "बाबा, मला दुसरा नंबर म्हणून सांगिटलं हुतं. पयलं घेतलंस, लई बेस केलंस. कालपास्नं घसा वाळलाय. तुजं कल्याण हुईल."

मी काचेमागं माझ्या जागी आलो तेव्हा मॅडमनी पलीकडून हात वर केला. मी सत्तावीस नंबरचं पाकीट फोडलं आणि माईकवर वाचलं, "एक स्टेंट." चाळीस मिनिटांत झालं. फाट्याचं तोंड थोडं अरुंद दिसत राहिलं. मॅडम म्हणाल्या, "वाहतंय ना? मग राहू दे."

मग दाजी आले. टेबलावर झोपता झोपता त्यांनी मान वळवून काचेतून मला शोधलं आणि अख्ख्या लॅबला ऐकू जाईल असं ओरडले, "विलास! मशीन नीट चालतंय न्हवं? का बघू येऊन?"

फिलोमिना हसून वाकल्या. मी अठ्ठावीस नंबरचं पाकीट फोडलं. "दोन स्टेंट."

दीड तास लागला. आधी फाट्यातला, मग मोठ्या वाहिनीतला, मग दोन फुगे एकदम फुगवून बेचकं गोल केलं. शेवटचं चित्र घेतलं तेव्हा मी श्वास रोखून बघत होतो. दोन्ही वाटा कडेपर्यंत भरून वाहत होत्या. चित्रातल्यासारख्या. मॅडमनी मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "सुंदर झालंय."

मी बाहेर पळत गेलो. अक्का बाकावर बसली होती. तिला सांगितलं, झालं, दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.  माझं डोकं दोन्ही हातांत धरून तिनं माझ्या कपाळावर कपाळ टेकलं. तेव्हा मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी मी या घराच्या उपयोगी पडलो.

चौथ्या दिवशी दाजी घरी गेले. महिन्याभरानं थोडा वेळ कारखान्यात जायला लागले. फोनवर सांगायचे, जिना चढतो, काही होत नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता कारखान्यात दोन मागांच्या मधे ते खाली बसले. रांगेतले माग बंद करायला त्यांनीच हातानं खूण केली, असं नंतर कामगारांनी सांगितलं. मला फोन आला तेव्हा ॲम्ब्युलन्स हातकणंगल्याच्या पुढं आली होती. मी टेबल तयार केलं, मॅडमना ओपीडीतून बोलावलं.

दाजी आले ते राखेसारखे. सगळं अंग घामानं भिजलेलं. मी टेबलावर सरकवताना त्यांनी माझा सदरा धरला आणि म्हणाले, "विलास, लई जड झालंय रं."

ते हळू बोलले. आयुष्यात त्यांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ऐकायला मला वाकावं लागलं.

पडद्यावर चित्र आलं. फाट्यापर्यंत वाहिनी दिसत होती आणि तिथून पुढं काहीच नव्हतं. मोठी वाट नाही, फाटा नाही. जिथं दोन जाळ्या एकमेकींवर दाबून बसवल्या होत्या, तिथं रक्ताची गाठ धरली होती आणि दोन्ही वाटा एकाच वेळी बंद झाल्या होत्या. मॅडमनी हातात होतं ते सगळं केलं. फिलोमिना छाती दाबत होत्या, त्या थकल्यावर मी दाबली. दोन वाजून दहा मिनिटांनी मॅडमनी हातमोजे काढले.

अक्का बाहेर त्याच बाकावर होती. मी दारातून बाहेर आलो तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं.

दिवस सरले. सहा महिन्यांनी गौराबाई तपासणीला आल्या, एकट्या, एसटीनं, दोन जिने चढून. पिशवीतून भाजक्या शेंगा काढून त्यांनी माझ्या टेबलावर ओतल्या. "तू पयलं घेतलंस म्हणून," म्हणाल्या. त्या गेल्यावर शेंगा मी कागदात गुंडाळून ठेवल्या. पुढं त्या दर वर्षी येत राहिल्या आणि दर वर्षी ठणठणीत होत्या.

तीन वर्षांनी अभ्यासाचा निकाल जुळवायची वेळ आली तेव्हा मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि उभ्यानं सगळं सांगितलं. दिव्याची पेटी, खिशातला रिपोर्ट, यादीतला बदल. त्यांनी पेन खाली ठेवलं. 

"मॅडम, एक स्टेंट असता तर दाजी वाचले असते का?"

"माहीत नाही."

"पण तुमचा अंदाज..."

"विलास, एका माणसाचं काय झालं असतं हे कुणालाच सांगता येत नाही. दोनशे माणसांचं जेमतेम सांगता येतं. तेही कुणी मधे हात घातला नाही तर." मग त्या म्हणाल्या, "तू वाईट हेतूनं केलं नाहीस, हे मला कळतं. पण तुला उद्यापासून लॅबमध्ये ठेवता येणार नाही."

त्या दोन्ही पेशंटना त्यांनी हिशेबातून वगळलं. कारण लेखी दिलं, माझं नाव घातलं नाही. उरलेल्यांत दोन्ही पद्धतींत मोठा फरक निघाला नाही. दोन स्टेंटवाल्यांत गाठ धरण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं, पण तेही खात्रीनं म्हणण्याइतकं नाही, असं छापून आलं. मला तळमजल्यावर एक्स-रेला टाकलं. हाडांचे फोटो काढायचे. तिथं मी अजून आहे.

अक्काला मात्र मी काही सांगितलं नाही. दर पंधरा दिवसांनी जायचो, भाचीचं, रोहिणीचं, शिक्षण बघायचो. दाजी गेल्यानंतर अक्का वाळत गेली. घर टापटीप, बोलणं नीट, पण जेवण नावापुरतं, डोळे कायम तांबारलेले. लोक म्हणत, नवऱ्याचा घोर लागलाय. मीही तेच म्हणायचो.

अकरा वर्षांनी रोहिणीचं लग्न ठरलं. सुपारी फुटली त्या दिवशी व्याही मंडळींना माझी ओळख करून देताना अक्का म्हणाली, "ह्यो माजा भाऊ. त्यांच्या ऑपरेशनला आत उभा हुता. त्यानं जिवाचं रान केलं, म्हणून त्ये एकेचाळीस दिस तरी मिळालं." सगळ्यांनी माझ्याकडं आदरानं बघितलं. मला तिथं बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रोहिणी बाहेर गेल्यावर, मी स्वयंपाकघरात अक्कासमोर बसलो आणि सांगितलं. पाकीट काय होतं, दोन पद्धती काय होत्या, दाजींच्या वाट्याला मुळात एकच स्टेंट आला होता आणि मी तो दुसऱ्या बाईला दिला. ती बाई अजून जिवंत आहे, हेही सांगितलं.

अक्का मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. मी वाट बघत होतो की ती ओरडेल, मारेल, काहीतरी करेल. पण तिचा चेहरा वेगळाच झाला होता. ती रागानं बघत नव्हती. घाबरून बघत होती.

"विल्या," ती म्हणाली, "त्यांचा दात दुखत हुता."

"कसला दात?"

"दाढ. पार सुजली हुती. दातवाल्यानं सांगितलं, रक्त पातळ करायची गोळी बंद करा, न्हाईतर दाढ काढता यायची न्हाई. तुला इचारावं म्हटलं, तर त्ये म्हणालं, त्याला कशाला तरास, दोन दिसाचा तर परश्न हाय. मीच गोळ्या डब्यात उचलून ठेवल्या. पाच दिस. सहाव्या दिशी त्ये गेलं."

 डिस्चार्जच्या दिवशी मीच तिला बजावलं होतं की वर्षभर ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही. नव्या जाळीवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून ती गोळी असते. ती मधेच थांबवली की काय होतं, हे मी लॅबमध्ये पाहिलेलं होतं. आणि बेचक्यात दोन जाळ्या एकमेकींवर दाबलेल्या असताना थांबवली तर...

"अकरा वर्सं झाली," अक्का म्हणाली. "डोळा मिटला की तो डबा दिसतोय. तुला सांगायचं धाडस झालं न्हाई. तू म्हणाला असतास, मी इतकं केलं आनि तू घालवलंस." तिनं माझा हात धरला, मनगटाजवळ, घट्ट. "आता खरं सांग. गोळी बंद केली म्हणून झालं का रं?"

मला खरं काय ते माहीत नव्हतं. गोळी चालू असती तर दोन स्टेंट टिकले असते कदाचित. एकच स्टेंट असता तर पाच दिवसांचा खंड निभावला असता कदाचित. दोन्ही मिळून झालं असेल. यातलं काहीच नसेल. मॅडमनी जे सांगितलं होतं तेच खरं होतं, की कुणालाच सांगता येणार नाही. पण ती माझ्याकडं ज्या डोळ्यांनी बघत होती, त्यांना हे उत्तर देता येत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "गोळीचा काही संबंध नाही. पाच दिवसांनी काही होत नसतं. चूक स्टेंटची होती."

"नक्की?"

"नक्की, अक्का."

"रोहिणीची शपथ घे."

मी रोहिणीची शपथ घेतली.

तिनं एक लांब श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले, तोंडावरचा ताण सैल पडला. अकरा वर्षांत न पाहिलेली अक्का क्षणभर मला दिसली. मग तिनं माझ्याकडं पुन्हा बघितलं, आणि त्या बघण्यात मी तिचा भाऊ नव्हतो. तिनं माझं मनगट सोडून दिलं.

"म्हंजे तू मारलंस त्यांस्नी."

तिनं मेथीचं ताट बाजूला सारलं.

"ऊठ," ती म्हणाली. "पोरगी यायच्या आत जा."

मी चपला घातल्या. पायऱ्या उतरताना आतून तिचं रडणं ऐकू आलं, मोकळं, मोठ्यानं.

त्यालाही आता सात वर्षं झाली. रोहिणीच्या लग्नाला मी गेलो नाही, मला बोलावणं नव्हतं. रोहिणी मात्र तिच्या सासरहून अधूनमधून फोन करते, आईला न सांगता. मागच्या महिन्यात केला होता. मी विचारलं, अक्का कशी आहे.

"आई चांगली आहे, मामा," ती म्हणाली. "दोन घास जास्तच जेवते हल्ली. शांत झोपते. फक्त तुमचं नाव तेवढं घरात काढायचं नाही म्हणते."